खापरपणजोबा लोहार होते, नोंद कुठं मिळंल?

प्रश्न: आमचे खापरपणजोबा करवीर तालुक्यात 1880 च्या आसपास लोहारकी करायचे एवढंच घरात माहितीय, नाव नक्की नाही. सुरुवात कुठनं करू?

उत्तर: आधी तुमच्या गावाला येणारा हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी ठेवणारा, गाठा, त्याच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात, पण सालं तिथं शोधू नका, त्यासाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 मागा, त्यात जन्म-मृत्यूसोबत जात पण लिहिलेली असते. लिखाण जुन्या मोडी लिपीत असणार, वाचणारा सोबत न्या. आणि लोहार बलुतेदार, म्हणजे चाकरीबद्दल इनाम जमीन असू शकते, ते कोल्हापूर पुराभिलेखागारात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या दफ्तरात, बघा. तिथं आडनावापेक्षा गाव सांगितलेलं बरं, कारण जुन्या कागदात बऱ्याचदा नुसतं ‘अमुक लोहार’ एवढंच असतंय.