आधी माइक, मग आमदारकी?

प्रश्न : मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय भौतिकशास्त्र. कॉलेजात सूत्रसंचालन करते, आवाज गोड आहे. आता म्हणते, पदवी झाली की रेडिओ-टीव्हीत जाणार आणि पुढे आमदार होणार. आमच्या घरात राजकारणाचा गंधही नाही, तिचे बाबा सातपूरला कंपनीत आहेत. याला करिअर म्हणायचं की खूळ? — एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, नमस्कार. खूळ नाही. फक्त लेकीने दोन वेगळ्या गोष्टी एका दोऱ्यात ओवल्यात. निवेदन हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. आमदारकी लोक देतात आणि पाच वर्षांनी काढूनही घेतात, तिच्या भरवशावर घराचे हप्ते ठरवू नयेत.

केरळचं उदाहरण तिला जरूर सांगा. २०१६च्या विधानसभेला डाव्या आघाडीने टीव्हीवरचे दोन ओळखीचे चेहरे उतरवले. वीणा जॉर्ज मल्याळी वृत्तवाहिन्यांवर वर्षानुवर्षं पत्रकार आणि निवेदिका होत्या. शिक्षण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि वर बी.एड., म्हणजे तुमच्या लेकीचाच विषय. त्या अरनमुलातून निवडून आल्या, २०२१ला पुन्हा आल्या आणि कोरोनाची दुसरी लाट चालू असताना आरोग्यमंत्री झाल्या. दुसरे निकेश कुमार. स्वतःची वृत्तवाहिनी उभी केलेला माणूस, वडील एम. व्ही. राघवन राज्याचे माजी मंत्री. प्रचारात पिण्याच्या पाण्याचे हाल दाखवायला ते कॅमेऱ्यासमोर थेट विहिरीत उतरले. व्हिडिओ गाजला, थट्टाही भरपूर झाली, आणि अळिकोडची जागा गेली. घरात राजकारण, चेहरा घराघरात, तरी हरले.

लांब कशाला जायचं? ‘होम मिनिस्टर’मुळे आदेश बांदेकर महाराष्ट्रातल्या वहिनींचे भावजी झाले. २००९ला माहीमने त्यांना निवडून दिलं नाही. मी स्वतः तरुणपणी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक, म्हणजे गरजेपुरता बोलावला जाणारा निवेदक, होतो. भद्रकालीतल्या भाजीवाल्याने एकदा आवाज ओळखला, चहा पाजला, पण मेथीच्या जुडीचा भाव काही कमी केला नाही. ओळख आणि मत यांचंही तसंच असतं.

मग माइकचा उपयोग काय? आहे, पण गोड आवाजाचा नाही. आम आदमी पक्षाचे मनीष सिसोदिया आकाशवाणीवर आणि मग झी न्यूजमध्ये होते. तिथून ते सरळ विधानसभेत गेले नाहीत. मधली वर्षं माहितीच्या अधिकाराच्या कामात गेली, दिल्ली विधानसभा थेट २०१३ला आणि उपमुख्यमंत्रिपद २०१५ला. २०२५ला ते जंगपुऱ्यातून सातशेहून कमी मतांनी पडले, हेही लेकीच्या कानावर घाला. सभागृहात तारांकित प्रश्न (मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायचा) असो की लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना), थोडक्या वेळात नेमकं बोलावं लागतं आणि मंत्र्याने उत्तर टाळलं तर उपप्रश्न तयार लागतो. हे वार्ताहराचं काम आहे. सूत्रसंचालनात ‘यानंतर मी विनंती करते’ एवढ्यावर भागतं.

म्हणून माझा आग्रह बातमीदारीचा. आर.जे. म्हणजे रेडिओ जॉकी होणं वाईट नाही, पण खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. तिथे गाणी, गप्पा आणि जाहिराती चांगल्या शिकता येतील, प्रश्न विचारणं नाही. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषकाची आवाज चाचणी जरूर द्यावी. मात्र ड्यूटीमागे मानधन आणि महिन्याला मोजक्या ड्यूट्या असं ते काम असतं, कायम नोकरी नाही. बी.एस्सी. पूर्ण करू द्या, अर्धवट सोडू देऊ नका. विज्ञान, पाणी आणि शेती कळणारे वार्ताहर फार कमी आहेत. नंतर पत्रकारितेसाठी इथेच एच.पी.टी. कॉलेज आहे, मुक्त विद्यापीठ आहे. पुण्याला पाठवायची तयारी असेल तर रानडे इन्स्टिट्यूट.

तोवर एक काम द्या. कांद्याचा भाव पडेल त्या आठवड्यात तिने लासलगावच्या बाजार समितीत जावं. शेतकरी, व्यापारी आणि हमाल, तिघांशी बोलून मोबाइलवर पाच मिनिटांचा वृत्तांत करावा. त्यात तिचा स्वतःचा आवाज एका मिनिटाहून जास्त नको. ते जमलं नाही, किंवा कंटाळा आला, तर आमदारकीचा विषय आपोआप मिटेल आणि निवेदन तिला तरीही करता येईल.

वयाची घाई नाहीच. विधानसभेला २५ वर्षं पूर्ण लागतात, विधान परिषदेला ३०. महापालिकेला २१ चालतात, पण त्या वाटेने जायचं तर आधी प्रभागातल्या पाण्याच्या वेळा तरी पाठ हव्यात. पैशाची धास्ती तुम्हाला वाटते ती खरी आहे. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे, आणि नोकरदाराच्या घरातून तेवढे निघत नाहीत. पक्षात वर्षानुवर्षं राबणं किंवा एखाद्या प्रश्नावर लोकांसोबत उभं राहणं, याला मला तरी तिसरा पर्याय दिसलेला नाही.

वृत्तांत झाला की तिला घेऊन या, मी ऐकेन. आणि हो, उमेदवाराचं नाव राज्यातल्या कुठल्या तरी मतदार यादीत असावं लागतं. लेक वीस वर्षांची असेल ना? नाव नोंदवलंय का, ते आजच विचारा.