खाडा पडल्यानंतरचा दिवस

“मॅडम, मी आरंभशूर माणूस आहे. घरात सगळे हेच म्हणतात, आणि ते खरेच आहे.” समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मला हे सांगितले. वय 36. आयटीआयमधून टर्नरचा कोर्स करून चाकणच्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागलेले हे गृहस्थ आता एका मशीनिंग लाइनचे सुपरवायझर होते. आपल्यात चिकाटीच नाही, ती या वयात आणता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. नोकरी करणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो की, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव सविस्तर लिहावा असे वाटले.

येण्याचे तातडीचे कारण कामावरचे होते. त्यांच्या लाइनवर नापास होणाऱ्या नगांचे प्रमाण कमी करण्याचे सहा महिन्यांचे काम व्यवस्थापनाने त्यांच्याकडे सोपवले होते आणि दर सोमवारी त्याचा आढावा असे. पहिले चार आठवडे आकडा खाली आला, पाचव्या आठवड्यात तो पुन्हा वर गेला, आणि त्या सोमवारी पोट बिघडल्याचे कळवून हे घरी बसले. नंतरच्या सोमवारीही गेले नाहीत. हे काम आता दुसऱ्याला द्यावे, असा अर्ज लिहून त्यांनी तो खिशात ठेवला होता. तो त्यांनी मला काढून दाखवला.

चिकाटी नाही अशी तक्रार आली की मी आधी झोप, भूक, मन लागणे आणि पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतला रस यांविषयी विचारते, कारण नैराश्यात माणसाची उमेद आजारामुळे आटते आणि घरचे तिला आळस म्हणतात. लहानपणापासून एका जागी लक्ष टिकत नसेल, तर त्याची तपासणी मनोविकारतज्ज्ञांकडून करून घ्यावी लागते. यांच्या बाबतीत तसे काही आढळले नाही. म्हणून मी त्यांना एक कागद दिला आणि आजवर सोडून दिलेल्या गोष्टी त्यावर तीन रकान्यांत लिहून आणायला सांगितल्या: काय सुरू केले, शेवटचा दिवस कोणता, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात काय घडले होते.

तिसऱ्या रकान्यातून जे बाहेर आले, त्याची त्यांना कल्पना नव्हती. जिम सुटली ती दिवाळीला चार दिवस गावी गेल्यानंतर. इंग्रजी संभाषणाचा क्लास सुटला, कारण रात्रपाळीमुळे दोन दिवस जाता आले नाही आणि तिसऱ्या दिवशी शिक्षक सर्वांसमोर काही बोलतील अशी धास्ती वाटली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात त्यांनी बी.कॉम.ला नाव घातले होते, पहिले वर्ष चांगल्या गुणांनी पूर्णही केले होते, आणि दुसऱ्या वर्षी एका स्वाध्यायाची मुदत हुकल्यावर उरलेले स्वाध्याय आणि परीक्षा दोन्ही सोडून दिले होते. कंटाळा आला म्हणून त्यांनी यातले काहीच सोडलेले नव्हते. प्रत्येक ठिकाणी आधी एक खाडा पडला होता, आणि त्या खाड्याने ‘बघ, तू असाच आहेस’ असे त्यांना सांगितले होते.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात ही साखळी चांगलीच परिचित आहे. अॅलन मार्लेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, दारू सोडलेला माणूस एकदा घसरला म्हणजे त्या एका पेल्यापेक्षा ‘माझ्याने होणारच नाही’ हा त्यामागून येणारा निष्कर्ष त्याला अधिक खोल नेतो. अभ्यास, व्यायाम आणि कामावरची जबाबदारी यांतही हेच घडताना मी पाहिले आहे. माणूस खाड्याला स्वभावाचा पुरावा मानतो, पुराव्यापुढे प्रयत्न करणे व्यर्थ वाटते, आणि सोडून दिल्यावर काही दिवस हायसे वाटते. हे हायसे वाटणेच पुढच्या वेळी सोडणे आणखी सोपे करते.

तिसऱ्या भेटीला त्यांच्या पत्नीही आल्या. यांनी काहीच तडीस नेले नाही का, असे मी सहज विचारले, तेव्हा यांनी मान हलवली. बाईंनी मात्र त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिले. “अहो, आणि बूट?” त्या म्हणाल्या.

त्यांच्या मुलीचे दोन्ही पाय जन्मतः आत वळलेले होते. या व्यंगाला क्लबफूट म्हणतात, आणि पोन्सेटी पद्धतीत बाळ काही आठवड्यांचे असतानाच दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल हळूहळू सरळ करतात. प्लास्टर पाच-सहा वेळा बदलल्यावर काम संपत नाही, खरे काम तिथूनच सुरू होते. एका पट्टीच्या दोन टोकांना बसवलेले बूट बाळाला पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास आणि नंतर साधारण चार वर्षांचे होईपर्यंत रोज रात्री झोपताना घालावे लागतात. ते घालणे मध्येच सोडले तर पाय पुन्हा वळण्याचा धोका असतो, आणि पालकांनी कंटाळून बूट बंद करणे हे व्यंग उलटण्याचे एक मोठे कारण आहे.

मुलगी आता साडेतीन वर्षांची होती आणि ते बूट रोज हे गृहस्थ घालत होते. कसे घालता, असे मी विचारले. त्यांनी माझ्या टेबलावरची पट्टी उचलून मला दाखवले: आधी टाच पूर्ण खाली बसली का ते बोटाने चाचपून पाहायचे, मग मधला पट्टा आवळायचा, मोज्याला चुणी राहू द्यायची नाही, कारण चुणीमुळे फोड येतो आणि फोड आला की पोरगी दुसऱ्या दिवशी पाय देत नाही. सुरुवातीला ती अर्धा अर्धा तास रडायची. रात्रपाळी असेल तेव्हा ते संध्याकाळी निघण्यापूर्वी बूट तपासून, पट्टे मोजून उशाशी ठेवत आणि बाईंना फोन करून आठवण देत.

“यात कधी खाडा पडला?” मी विचारले.

“पडला ना. तिला ताप होता तेव्हा दोन रात्री. आणि मेहुणीच्या लग्नाला गेलो तेव्हा बूट घरीच राहिले.”

“मग?”

“मग काय मॅडम, परत आल्यावर घातले. घालायलाच पाहिजेत.”

मी गप्प राहिले. थोड्या वेळाने त्यांनी खिशातला अर्ज बाहेर काढून टेबलावर ठेवला, पण तो फाडला नाही, आणि मीही तसे सुचवले नाही. साडेतीन वर्षे, त्यातही खाडे, आणि तरीही प्रत्येक खाड्यानंतर बूट पुन्हा पायात. या गोष्टीला त्यांनी कधी चिकाटी म्हटले नव्हते, कारण तिथे ‘मी कसा माणूस आहे’ हा प्रश्नच त्यांच्या मनात आला नव्हता. तिथे मुलीचे पाऊल होते आणि आज रात्री काय करायचे एवढेच होते.

अँजेला डकवर्थ यांनी 2007 साली दीर्घ पल्ल्याच्या ध्येयासाठीची ओढ आणि चिकाटी मोजण्याची एक पद्धत मांडली, तेव्हापासून या विषयावर पुष्कळ बोलले जाते. त्या चर्चेचा एक तोटा मला रोज दिसतो: चिकाटी हे रक्तगटासारखे काहीतरी असून ते आपल्यात असते किंवा नसते, असे लोक धरून चालतात. त्यापेक्षा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा 2010 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी माझ्याकडे येणाऱ्यांना अधिक आग्रहाने सांगते. एखादी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात, माणसागणिक हा काळ 18 ते 254 दिवस इतका बदलतो, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडत नाही, असे त्यात आढळले. यांना मी हे सांगितले तेव्हा शेवटचा भाग त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला.

पुढच्या आठ भेटींत आम्ही खाडा पडू नये म्हणून काहीच केले नाही. खाड्यानंतरच्या दिवसाची तयारी केली. पीटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘असे झाले, तर मी असे करीन’ या स्वरूपाच्या आधीच ठरवलेल्या योजनांचा अभ्यास केला आहे, आणि आयत्या वेळी मनाशी वाद घालावा लागत नाही हा त्यांचा मोठा फायदा आहे. बी.कॉम.चा सुटलेला अभ्यास पुन्हा हाती घेताना या गृहस्थांनी स्वतःच्या शब्दांत लिहिले: ‘अभ्यास चुकला, तर दुसऱ्या दिवशी फक्त दहा मिनिटे बसायचे, भरपाई करायची नाही.’ भरपाईवर मी मुद्दाम बंदी घातली, कारण दोन दिवसांचे एका दिवसात करायला जाणारा माणूस तिसऱ्या दिवशी हमखास गळतो. पाळी दर आठवड्याला बदलत असल्याने ‘रोज सकाळी सहाला’ हा नियम त्यांच्या कामाचा नव्हता. म्हणून कामावरून आल्यानंतरच्या चहाला अभ्यास जोडला, मग तो चहा सकाळी होवो की रात्री.

कामावरच्या आढाव्यासाठी आणखी एक वाक्य ठरले: ‘आकडा वाढला, तर बैठकीत पहिल्यांदा मीच तो सांगीन आणि त्यासोबत एक प्रश्न नेईन.’ पहिल्यांदा हे करताना हात थरथरत होते, असे त्यांनी सांगितले. नेलेला प्रश्न असा होता की, पाळी बदलताना टूल किती नग झाल्यावर बदलले याची नोंद पुढच्या पाळीला का मिळत नाही. त्यातून नोंदीची एक वही सुरू झाली. आकडा त्यानंतरही दोनदा वर गेला, दोन्ही वेळा ते बैठकीला हजर होते, आणि अर्ज त्यांनी कधी दिला नाही.

गिटारीचे काय करायचे, असेही त्यांनी एकदा विचारले. ती पाच वर्षे कपाटावर धूळ खात होती आणि दिसली की मनाला टोचत असे. शिकायची अजून इच्छा आहे का, असे विचारल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हटले. मग ती भाच्याला देऊन टाका, असे मी सुचवले. विचार करून थांबणे आणि लाजेने पळ काढणे या दोन गोष्टी मला फार वेगळ्या वाटतात, आणि सगळेच तडीस न्यायचा हट्ट धरणाऱ्या माणसाचे मोलाच्या कामासाठी राखलेले बळ भलतीकडे खर्च होते.

सुमारे वर्षभराने त्यांचा फोन आला. मुलीचे बूट डॉक्टरांनी बंद केले होते. तरी पहिले काही दिवस रात्री नऊ वाजले की आपला हात आपोआप उशाकडे जातो, असे ते म्हणाले. मग थोडे थांबून त्यांनी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा निकाल सांगितला. एक विषय राहिला होता.

“फॉर्म कधी भरायचा आहे?” मी विचारले.

“काल भरला, मॅडम.”