एम.एस्सी.नंतर कॅमेरा धरायचाय? लेन्सचं नंतर बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालंय, नाशिक सोडायचं नाही, पीएच.डी.ला नाव नोंदवू, की कर्ज काढून ६०० एमएमची लेन्स घेऊ आणि निसर्ग संवर्धनाच्या फोटो-फिल्मकडे वळू?

कर्ज काढू नका. हिवाळ्यातल्या कुठल्याही रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या मनोऱ्यावर चक्कर मारा. एकेका जांभळ्या पाणकोंबडीवर किती लेन्सा रोखलेल्या असतात ते दिसेल. त्यात तुमची एक वाढली तर पक्ष्याचं काही भलं होत नाही, तुमचंही नाही. त्यापेक्षा धरणातलं पाणी कालव्याला सोडल्यावर गाळ कुठे उघडा पडतो, चिखलात चोच खुपसणारे पक्षी तिथे कधी उतरतात, हे एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, ठरलेल्या दिवशी टिपत राहिलात तर दोन-तीन वर्षांत हाती नोंद येते. हे काम कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सवर होतं, पण कोणी करत नाही, कारण त्याला लाइक मिळत नाहीत.

तुमचं शास्त्र खरं कामी येतं ते अंजनेरीवर. त्या डोंगराच्या नावाची कंदीलपुष्पाची जात तुम्हाला मी सांगायला नको. फुलाचा फोटो कोणीही काढेल. पण वासाला भुलून चिमुकली माशी नळीत शिरते, आतले खाली वळलेले केस तिला वर येऊ देत नाहीत, तळाशी धडपडताना परागपुंज तिला चिकटतो आणि केस मरगळल्यावरच तिची सुटका होते, हे ज्याला माहीत आहे तोच फूल उमलल्यावर तिथे ठाण मांडून बसेल. त्यासाठी अगदी जवळून टिपणारी १०० एमएमची मॅक्रो लेन्स, जड तिपाई, लहानसा एलईडी आणि धुक्यात काच पुसायला सुती फडकं एवढं पुरतं. फूल वाऱ्याने हलतं म्हणून देठाला चिमटे लावू नका आणि समोरचं गवत उपटू नका. फोटो टाकताना त्यातलं लोकेशन काढून टाका. जागा कळली की माणसं येतात, मग फुलं पायाखाली जातात.

दुसरा विषय निफाड-सिन्नरचा ऊस. तोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. गर्दी जमते, पोरं बछडे उचलून सेल्फी काढतात. खरं तर ते सापडले तिथेच संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवले, कॅमेरा ट्रॅप (हालचाल झाली की आपोआप टिपणारा कॅमेरा) लावला आणि माणसं लांब गेली, तर मादी बहुतेकदा येऊन त्यांना घेऊन जाते. वन विभाग हेच करतो. यावर फिल्म करायची तर डरकाळी आणि ढोल नकोत. तीन मिनिटांची, उभी, मुकादमाच्या मोबाइलवर चालेल अशी करा: कोयता थांबवा, मागे सरा, हात लावू नका, फोन करा. टोळीतल्या चार बायकांना आधी कच्ची दाखवा. त्या जिथे हसतील किंवा ‘हे काय?’ म्हणतील, तिथे कात्री लावा. महोत्सवाच्या परीक्षकांपेक्षा हे परीक्षण कडक असतं.

शास्त्र शिकून कॅमेरा धरला म्हणजे शिक्षण वाया, असं घरचे म्हणत असतील तर छायाचित्रकार क्रिस्टिना मिटरमायर यांचं नाव सांगा. त्या मुळात सागरी जीवशास्त्राच्या. संवर्धन छायाचित्रकारांची आंतरराष्ट्रीय संघटना त्यांनीच २००५ मध्ये उभी केली.

पैशांचं म्हणाल तर सुरुवातीची वर्षं ओढाताणीची. संस्थांचं दस्तावेजीकरण, जनजागृतीच्या छोट्या फिल्म, शाळांच्या कार्यशाळा यांवर जेमतेम भागतं. लग्नसराईत कॅमेरा चालवून बाकीचे महिने रानात घालवणारे आहेत आणि त्यांचं काम उत्तम असतं. पुरस्काराच्या भरवशावर घर चालत नाही.

पीएच.डी.बद्दल: परागीभवनावर काम करू देणारे गाईड मिळत असतील तर जरूर करा, फेलोशिपवर घर चालेल आणि कॅमेरा आपोआप प्रबंधात येईल. नुसतं नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून असेल तर पाच वर्षं घालवू नका.

राहिली परवानगी. अभयारण्यात आणि राखीव क्षेत्रात चित्रीकरण वन विभागाला विचारूनच करायचं. ड्रोन तर परवानगीशिवाय पिशवीतूनही काढू नका. अंजनेरीचा बहर पावसाळ्यात असतो, तेव्हा अर्ज उन्हाळ्यातच द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.