मुन्योझला का नाही बोलावलं?

जानेवारीच्या अंकात ग्लोव्हबद्दलच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले, की गेल्या लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी रडले, आणि ते सिअ‍ॅटल मरिनर्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघासाठी. त्या एका वाक्यावर नऊ पत्रं आली. ठाणे-नवी मुंबईत पहाटे उठून बेसबॉल बघणारी इतकी माणसं असतील असं मला वाटलं नव्हतं. मार्चअखेर २०२६ चा नवा हंगाम सुरू होतोय, म्हणून हा महिना त्या पत्रांना.

प्रश्न : बाई, मी २७ वर्षांचा. राहतो घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीला. आमच्या टीमचं काम सिअ‍ॅटलच्या लोकांबरोबर चालतं, त्यांच्याशी बोलता बोलता मरिनर्सचा नाद लागला. गेल्या ऑक्टोबरात टोरंटो ब्लू जेजविरुद्धच्या उपांत्य फेरीच्या सातव्या, म्हणजे निर्णायक सामन्यात आपण ३-१ असे पुढे होतो. वर्ल्ड सीरिजला, म्हणजे अंतिम फेरीला, आठ आउट बाकी होते. तेव्हा आपला हुकमी पिचर (चेंडू टाकणारा) मुन्योझ याला का नाही बोलावलं? चार महिने झाले, डोक्यातून जात नाही. आई म्हणते, तुझं त्यात काय गेलं? या वर्षी आशा ठेवावी, की मिळायची ती संधी मिळून गेली? (एक वाचक, घोडबंदर रोड)

उत्तर : तुझं काय गेलं ते मला माहीत आहे, कारण माझंही तेच गेलं.

२०२२ साली मी लेकीच्या बाळंतपणाला सिअ‍ॅटलला होते. ३० सप्टेंबरला घरातल्या घरात नातवाचं बारसं केलं, चार पाहुणे जेवून गेले, आणि रात्री बाळाला मांडीवर घेऊन मी टीव्हीपुढे बसले. ओकलंडशी सामना, १-१ बरोबरी, नववी म्हणजे शेवटची इनिंग, दोन आउट, तीन बॉल, दोन स्ट्राइक, आणखी एक स्ट्राइक की इनिंग खलास. बदली बॅटर म्हणून आलेल्या कॅल रॅलीने चेंडू उजवीकडच्या स्टँडमध्ये भिरकावला, होमरन. २१ वर्षांनी मरिनर्स बाद फेरीत गेले. जावई ओरडला, बाळ दचकून उठलं, आणि मी त्याला थोपटत असताना माझेच हात थरथरत होते. पुढच्या मुक्कामात मैदानावरही जाऊन आले. शेजारून मालगाडी जाते आणि ऐन खेळात भोंगा ऐकू येतो. जन्म ठाणे स्टेशनजवळ काढलेल्या बाईला तिथं परकं वाटलं नाही.

तेव्हापासून हा संघ माझा. आणि गेला ऑक्टोबर तर मी घड्याळ उलटं लावूनच जगले. ११ तारखेला, शनिवारी, डेट्रॉइटविरुद्धचा सामना आपल्याकडे पहाटे साडेपाचनंतर सुरू झाला तो बरोबरी सुटेना म्हणून पंधराव्या इनिंगपर्यंत चालला. मी पोहे भिजवले होते ते भिजलेलेच राहिले. साडेदहाच्या सुमारास पोलांकोने बेस भरलेले असताना फटका मारला तेव्हा उठले. मग नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान उरकून, देवापुढे दिवा लावून बसले, तर ब्लू जेजविरुद्धच्या सहाव्या सामन्यात आपल्या ओळीने तीन इनिंग डबल प्लेवर, म्हणजे एका चेंडूवर दोन आउट होऊन, संपल्या. खाली राम मारुती रोडला दिवाळी पहाटेची गर्दी जमायला लागली होती, नव्या कपड्यातली पोरं हसत होती, आणि मी खिडकी लावून घेतली. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि तुझी ती सातवी इनिंग.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. आपला पिचर ब्रायन वू छातीच्या स्नायूच्या दुखण्यातून नुकताच परतला होता आणि त्याची ती तिसरी इनिंग होती. पहिल्याला वॉक दिला (चार चेंडू बाहेर पडले की बॅटरला पहिला बेस फुकट), दुसऱ्याने सिंगल मारली, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडूला बॅट नुसती टेकवून, दोघांना पुढे सरकवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं, एक आउट, समोर जॉर्ज स्प्रिंगर. मॅनेजर डॅन विल्सनने वूला बसवून बझार्डो या दुसऱ्या पिचरला आणलं. स्प्रिंगरने चेंडू डाव्या बाजूला स्टँडमध्ये टाकला, बेसवरच्या दोघांसह तीन धावा. ३-१ चे ३-४ झाले, आणि तेच शेवटपर्यंत राहिले. संघाचा सर्वांत भेदक पिचर मुन्योझ तेव्हा बसूनच होता.

मी तीस वर्षं ठाण्यातल्या एका शाळेत पीटी शिकवली आणि मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ बांधला. एका वर्षी आंतरशालेय अंतिम सामन्यात आम्ही ४-२ असे पुढे होतो. आमची पिचर नववीतली मुलगी, पहिल्या चेंडूपासून तीच टाकत होती. सहाव्या इनिंगला ती प्रत्येक चेंडूनंतर मनगट ट्रॅकपँटवर घासायला लागली. मी ते पाहिलं. बाकावर दुसरी मुलगी तयार होती, पण तिला मी शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवलं होतं. मनात म्हटलं, एवढी इनिंग निघेल. दोन वॉक गेले आणि तिसरीचा फटका पर्जन्यवृक्षापलीकडे. राखून ठेवलेल्या मुलीच्या हातात चेंडू आला तेव्हा वाचवायला काही उरलं नव्हतं. त्या मनगट घासणाऱ्या मुलीची मी पुढे माफी मागितली. दुसरीची मागायची राहिली.

म्हणून सांगते, विल्सनने वूला काढलं ते बरोबर केलं, मला ते जमलं नव्हतं. तो स्वतः मरिनर्सचा कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) होता, दमलेला हात त्याला कळतो. चूक झाली ती बोलावलं कोणाला त्यात. सगळ्यात चांगला पिचर नवव्या इनिंगसाठी ठेवायचा हा रिवाज रोजच्या सामन्यांना ठीक आहे. सातवा सामना हा रोजचा नसतो. सगळ्यात कठीण घटका सातव्या इनिंगला आली तर हा शेवटासाठी राखलेला पिचर, क्लोजर, सातव्या इनिंगला आला पाहिजे. बझार्डोबद्दल माझ्या मनात राग नाही, तो सबंध वर्ष चांगला खेळला. मी मुन्योझला आणलं असतं. तरीही स्प्रिंगरने मारलं असतं, असंही होऊ शकतं. पण मग तू आणि मी आज हा प्रश्न विचारत बसलो नसतो.

आता संधीबद्दल. तुझ्या मनात २००१ आहे हे मी ओळखते. त्या वर्षी जपानहून इचिरो आला, संघाने ११६ सामने जिंकले, यांकीजकडून याच फेरीत हरला आणि मग २१ वर्षं बाद फेरीचं तोंड पाहिलं नाही. १९७७ पासून खेळणारा हा संघ तीस संघांपैकी एकटाच, ज्याने वर्ल्ड सीरिज खेळलेली नाही. तेव्हा तुझी भीती पोकळ नाही. पण त्या संघाचे आधार बघ. एडगर मार्टिनेझ ३८ चा, मोयर ३८ चा. आजचे बघ. हुलिओ रॉड्रिगेझ २५ वर्षांचा, वू २६ चा, कर्बी २८ चा, रॅली २९ चा. हा संघ वयाने उतरणीला लागलेला नाही. शिवाय जॉश नेलर पाच वर्षांसाठी राहिला, हिवाळ्यातली मला सर्वांत आवडलेली बातमी ती. जडसर शरीराचा माणूस, धावण्यात मंद, पण आपल्याकडे आल्यापासून १९ वेळा बेस चोरायला (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे पळायला) निघाला आणि १९ वेळा पोचला. पिचरचा खांदा वाचायला शिकला आहे तो, पायांवर विसंबत नाही. पोलांको मात्र न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, ती उणीव भासणार.

माझी खरी काळजी पिचरच्या हातांची आहे. गेल्या वर्षी कर्बीचा खांदा, गिल्बर्टचं कोपर, मिलरचं कोपर, शेवटी वूची छाती, एकामागोमाग एक सगळे बसले. चौघंही ऑक्टोबरपर्यंत धड राहिले तर आशा ठेव, अगदी मोकळ्या मनाने ठेव. मे महिन्यात दोघं जरी जखमींच्या यादीत गेले तर मला पुन्हा लिही, तेव्हा बोलू.

आणि आईला एकदा शेजारी बसव. नियम समजावू नकोस, फक्त कोण आपलं ते सांग.

प्रश्न : एका हंगामात १६२ सामने! नोकरीतून निवृत्त झालो असलो तरी इतके कोण बघणार? आणि संघ इतक्यांदा हरतो, तर मन कशात घालायचं? (एक वाचक, नौपाडा)

उत्तर : काका, सगळे बघायचे नसतातच. सिअ‍ॅटलचा संध्याकाळचा सामना ६.४० ला असेल तर उन्हाळ्याच्या वेळेप्रमाणे आपल्याकडे सकाळचे ७.१० वाजतात. चहा, पेपर आणि तीन इनिंग, मग तलावपाळीला फेरी. संघ पूर्व किनाऱ्यावर गेला की सामना पहाटे साडेचारच्या सुमारास येतो, ते दिवस सोडून द्या.

हरण्याचं म्हणाल तर गेल्या वर्षी मरिनर्स ९० जिंकले आणि ७२ हरले, तरी २००१ नंतर प्रथमच आपल्या विभागात पहिले आले. दहातले सहा जिंकणारा संघ इथे थोर म्हणतात. आपली सवय क्रिकेटची, एक सामना हरला की घरात जेवणावर परिणाम. इथे हार दुसऱ्या दिवशी सकाळी धुतली जाते, कारण पुन्हा सामना असतोच.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. माझ्याबरोबर मरिनर्स बघून आता क्रिकेट सोडून बेसबॉल खेळायचं म्हणतो. पाठवू का? ग्लोव्ह कोणता घेऊ? (एक आई, नेरुळ)

उत्तर : पाठवा, पण क्रिकेट सोडायची गरज नाही, झेल आणि फेक दोन्हीकडे लागते. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळ आहेत. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, त्यांना माहीत नसेल तर जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करा. उजव्या हाताने फेकत असेल तर ग्लोव्ह डाव्या हाताचा घ्यायचा, इथे निम्मे पालक फसतात. नवा ग्लोव्ह कडक असतो, मध्ये चेंडू ठेवून दोरीने बांधून रात्रभर ठेवायचा. महागडा पहिल्याच वर्षी घेऊ नका, हात वाढतो.

प्रश्न : बाई, मी दहावीला आहे, कळव्याला राहते. कॅल रॅली या वर्षी परत ६० होमरन मारेल ना? माझ्या वहीत त्याच्या सगळ्या होमरनच्या तारखा आहेत. (एक विद्यार्थिनी, कळवा)

उत्तर : आधी पेपर. हंगाम तुझे पेपर संपल्यावरच सुरू होतो, त्यामुळे काही चुकणार नाही.

तुझ्या वहीत २४ सप्टेंबर २०२५ पुढे दोन खुणा असतील, एकोणसाठावा आणि साठावा. कॅचरच्या नावावर याआधी जास्तीत जास्त ४८ होते, दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणाऱ्यांत मँटलचे ५४, आणि मरिनर्सकडून ग्रिफीचे ५६. हे तिन्ही त्याने एका वर्षात मागे टाकले. पण त्यासाठी तो १५९ सामने खेळला, आणि त्यातले बहुतेक दिवस पाटाएवढ्या जागेत उकिडवं बसून. तू एकदा उकिडवी बस, पंधरा वेळा ऊठबस कर, मग सांग मांड्यांना काय वाटतं. तो हे एका सामन्यात शंभरच्या वर वेळा करतो. यंदा हंगामाआधी तो वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशोदेशींच्या स्पर्धेत अमेरिकेकडूनही खेळणार आहे, म्हणजे विश्रांती आणखी कमी.

या वर्षी एक नवा नियमही आहे. चेंडू बॉल (बाहेरचा) की स्ट्राइक (मारण्याजोगा) यावर पंचांचा निर्णय पटला नाही तर बॅटर, पिचर किंवा कॅचर लगेच टोपीवर हात मारून यंत्राकडे दाद मागू शकतो. प्रत्येक संघाला अशा दोन संधी, दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते. बाकावरून कोणी सुचवायचं नाही. रॅलीची नजर तयार आहे, त्याचा फायदा व्हावा. पण काठावरचा चेंडू ग्लोव्हमध्ये असा अलगद घ्यायचा की पंचाला तो स्ट्राइक दिसावा, ही त्याची कला, त्यासाठी त्याला २०२४ मध्ये क्षेत्ररक्षणाचा प्लॅटिनम ग्लोव्ह पुरस्कार मिळाला, तिची किंमत थोडी उतरेल याचं मला वाईट वाटतं.

म्हणून मी ६० मागत नाही. मला ४० चालतील, पण आठवड्यातून दोनदा त्याने कॅचिंगला सुट्टी घेऊन फक्त बॅटिंग करावी आणि ऑक्टोबरमध्ये ताज्या पायांनी यावं. तुझ्या वहीत होमरनच्या तारखांशेजारी एक रकाना वाढव. आठव्या इनिंगला तो उठताना बघ, सरळ उठतो की हात जमिनीला टेकवून उठतो. एप्रिलचा महिना लिहून काढ आणि मला पाठव.