कानाखालची चरबीची गाठ

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे आहेत. तासगावजवळ आमची द्राक्षबाग आहे. त्यांच्या उजव्या कानाच्या पाळीखाली तीन वर्षांपासून मऊ गाठ आहे, आता लिंबाएवढी झाली. दुखत नाही. सुईच्या तपासणीत ‘फक्त चरबीच्या पेशी, निदान अनिश्चित’ असं आलं. मागे त्यांच्या दंडावरची अशीच गाठ जागा बधिर करून अर्ध्या तासात काढली होती. हीही तशीच काढावी का?

उत्तर : नको. दंडावर कातडीखाली चरबी आणि स्नायू, एवढंच. कानाखाली पॅरोटिड लाळग्रंथी असते आणि तिच्यातून चेहऱ्याची नस पाच फांद्या करत जाते. डोळा मिटणं, ओठ हलणं तिच्या हाती.

सुईत चरबी आली, पण ती गाठीतली की ग्रंथीतली नेहमीची, हे सुई सांगत नाही. एमआरआय करा. साध्या टी-१ चित्रात चरबी पांढरी चमकते. चरबीची चमक दाबणाऱ्या चित्रात तीच गाठ काळी पडते. सगळी गाठ सारखी काळवंडली तर साधा लायपोमा, म्हणजे चरबीची निरुपद्रवी गाठ, समजा. आत जाड पडदे किंवा पांढरा राहिलेला भाग दिसला तर कॅन्सरची शंका धरावी लागते. गाठ नसेच्या वर आहे की खाली, तेही यातच कळतं.

एमआरआय स्वच्छ असेल तर नुसतं लक्ष ठेवणंही चालतं. काढायचीच तर पूर्ण भूल देऊन, लाळग्रंथीची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडून. त्यासाठी मिरज-सांगलीपलीकडे जायला नको. कानापुढून मानेच्या घडीपर्यंत छेद घेतात, आधी नसेचं खोड शोधतात, मगच गाठीला हात लावतात. गाठीचं आवरण पातळ असतं. ओढाताणीत फाटलं आणि तुकडा राहिला, तर गाठ पुन्हा वाढते. नस तपासणारा मॉनिटर लावणार असतील, तर भूलतज्ज्ञाला ते आधी माहीत हवं. स्नायू सैल करणारं औषध अंगात असताना मॉनिटर खरं बोलत नाही.

नंतर कानाची पाळी बधिर राहू शकते. जेवताना जखमेखाली लाळ साठून फुगलं, तर सुईने काढून दाबपट्टी बांधतात. नस शाबूत असूनही चेहरा काही आठवडे, क्वचित काही महिने, लुळा पडू शकतो. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम, आणि तोवर गंधकाच्या डस्टिंगला बागेत पाऊल नको. काही महिन्यांनी भाकरी-खरडा खाताना गालावर घाम फुटू लागला, तर घाबरू नका; लाळेच्या नसा घामाच्या ग्रंथींना जाऊन जुळतात. फारच त्रास झाला तर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात.

घाई नाही, ऑक्टोबर छाटणी उरकून घ्या. मात्र गाठ दुखू लागली, भराभर वाढली किंवा तोंड वाकडं झालं, तर छाटणी राहू द्या. काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवलीच पाहिजे.