गुलाश, पोर्कोल्त आणि आपली पिंपळी

प्रश्न : हंगेरीचा पारंपरिक बीफ स्टू घरी करायचा आहे. एका कृतीत त्याला ‘गुलाश’ म्हटलंय, दुसरीत ‘पोर्कोल्ट’. दोन्ही एकच का? पोर्कोल्टमध्ये पॉर्क असतं का? आणि पाप्रिकाला, म्हणजे त्यातल्या लाल मिरचीच्या पुडीला, मराठी शब्द आहे का?

उत्तर : पॉर्कपासून सुरुवात करतो, कारण हा गैरसमज वारंवार कानावर येतो. ‘पोर्कोल्त’ या नावाचा (शेवटी त, ट नव्हे) डुकराच्या मांसाशी काडीचाही संबंध नाही. हंगेरीत डुकराच्या मांसाचाही पोर्कोल्त करतात, पण नाव त्यावरून आलेलं नाही. हंगेरियन ही इंग्रजी-लॅटिनच्या कुळातली भाषाच नव्हे, तिचे नातलग फिनिश आणि एस्टोनियन. उच्चार जुळला की सोयरीक जमवायची, ही सवय आता सोडायला हवी. ‘पोर्कोल’ म्हणजे भाजणं, होरपळवणं. कॉफीच्या बिया भाजतात त्यालाही हेच क्रियापद. पोर्कोल्त म्हणजे नुसतं ‘भाजलेलं’.

जगभर गुलाश म्हणून जो दाट स्टू वाढतात, तो हंगेरीत पोर्कोल्त. आपल्या भाषेत अंगाबरोबर रस्सा ठेवलेलं मांस. खुद्द हंगेरीत गुलाश पातळ असतो, बटाटे घातलेला, वाडग्यातून चमच्याने खायचा.

‘गुलाश’ तिथे ‘गुयाश’ असा उच्चारतात. ‘गुया’ म्हणजे गुरांचा कळप आणि ‘गुयाश’ म्हणजे तो राखणारा. मराठीत याला तंतोतंत जोडी आहे : खिल्लार आणि खिल्लारी. हंगेरीच्या मोठ्या मैदानातले गुराखी उघड्यावर कढईत जे मांस शिजवत, ते ‘गुयाशहूश’, खिल्लाऱ्याचं मांस. पुढे ‘हूश’ म्हणजे मांस गळून गेलं आणि माणसाचं नाव पदार्थाला चिकटलं. तुर्की ‘कुल आशी’, म्हणजे शिपायांचं अन्न, यावरून गुलाश आला असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. त्यांनी शेजारचा ‘चिकोश’ पाहावा. चिको म्हणजे शिंगरू, चिकोश म्हणजे घोडे राखणारा. प्रत्यय तोच, घडण तीच. शब्द घरातच सरळ उलगडत असताना त्याला इस्तंबूलला धाडायचं कारण काय?

मग आपल्या गुलाशात ‘ल’ कुठून आला? जर्मनांनी हंगेरियन स्पेलिंग चुकीचं वाचलं, असं काही जण लिहितात. मला ते पटत नाही. त्या स्पेलिंगमधल्या ‘ly’ या अक्षराचा जुना उच्चार ‘ल्य’सारखा होता आणि पश्चिम हंगेरीच्या बोलींत त्याचा ‘ल’च झाला. तो मुलूख व्हिएन्नाला लागून आहे. व्हिएन्नाने शब्द कानाने घेतला, असं माझं ठाम मत आहे. तेव्हा मराठीत खुशाल ‘गुलाश’ लिहा. फक्त ‘गोलॅश’ नको.

आता पाप्रिका. इथे मला थोडी जागा लागेल.

कोशांत या शब्दापुढे ‘हंगेरियन’ एवढंच लिहून लोक मोकळे होतात. हा आळस आहे. हंगेरियनमध्ये तो दक्षिण स्लाव्ह भाषांतून आला. सर्बियनमध्ये ‘पापर’ म्हणजे मिरी, तिचं लघुरूप पाप्रिका. पापर लॅटिन ‘पिपेर’वरून, पिपेर ग्रीक ‘पेपेरी’वरून आणि पेपेरी आपल्या ‘पिप्पली’वरून. वाटेत इराणी मुलखात ‘ल’चा ‘र’ झाला. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी, त्रिकटूतली : सुंठ, मिरी, पिंपळी. तुळशीच्या मंजिरीसारखी दिसणारी, जिभेवर आधी गोडसर आणि मग झणझणीत लागणारी ती काडी. गंमत अशी, की ल-र ही अदलाबदल आपल्याकडेही दिसते. पिंपळाच्याच कुळातल्या एका झाडाला पिपरी किंवा पिंपरी म्हणतात. त्यावरून माझा तर्क असा, की चिंचवडशेजारची पिंपरी आणि हंगेरीतल्या सेगेद शहराची पाप्रिका या एकाच मुळाच्या लेकी. कुणाला हे ओढूनताणून वाटत असेल तर त्यांनी दुसरी व्युत्पत्ती द्यावी, नुसत्या भुवया उंचावू नयेत.

एवढ्यावर भागत नाही. हंगेरियनमध्ये काळ्या मिरीला ‘बोर्श’ म्हणतात. हा शब्द त्यांनी फार पूर्वी तुर्की कुळातल्या भाषांतून घेतला, आणि तिथल्या ‘मुर्च–बुर्च’चं मूळ संस्कृत ‘मरिच’मध्ये दाखवतात. म्हणजे आपलं मिरं. त्यांच्या कढईतल्या दोन्ही तिखटांची नावं इथून गेलेली! अमेरिकेतली मिरची तुर्कांबरोबर हंगेरीत पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी तिला आधी ‘तोरोकबोर्श’ म्हटलं, म्हणजे तुर्की मिरी. तीच मिरची पोर्तुगीजांनी गोव्यात आणली आणि आपण मिरीवरून ‘मिरची’ केली. दोन समाजांनी, एकमेकांना न विचारता, नव्या पाहुणीला जुन्या मिरीचंच नाव दिलं. म्हणून ‘मिरची हा पोर्तुगीज शब्द’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. फळ पोर्तुगीजांनी आणलं, शब्द आपला आहे.

तेव्हा पाप्रिकाला मराठी शब्द शोधू नका. ‘पाप्रिका’च म्हणा, ती माहेरी आली आहे.

आता कृती, थोडक्यात. किलोभर पायाच्या मांसाला तीन-चार मोठे कांदे. जुन्या पद्धतीत ते डुकराच्या चरबीत परततात, या कृतीत पॉर्कचा संबंध आलाच तर तेवढाच. तेलही चालतं. कांदा मऊ झाला की भांडं विस्तवावरून खाली घ्या आणि मगच दोन-तीन मोठे चमचे पाप्रिका घाला. तिच्यात साखर असते, आचेवर करपते आणि सगळा रस्सा कडू होतो. मांस टाका, हलवा, पुन्हा आचेवर ठेवा. लसूण, मीठ, चिमूटभर कॅरवे (शहाजिऱ्यासारखं बी). पोर्कोल्त हवा असेल तर पाणी अगदी बेताचं, आटेल तसं थोडंथोडं. गुलाश हवा असेल तर मांस मऊ होत आल्यावर भरपूर पाणी, बटाटे आणि गाजर. मैदा लावून रस्सा दाट करू नका. गोमांस नसेल तर मटण घ्या, हंगेरीतही मेंढीच्या मांसाचा पोर्कोल्त करतात. पाप्रिका मिळाली नाही तर काश्मिरी मिरचीची पूड त्यातल्या त्यात जवळची, रंग भरपूर आणि तिखटपणा कमी. गुलाशबरोबर पाव द्यावा, पोर्कोल्तबरोबर ‘नोकेद्ली’, म्हणजे पिठाचे उकडलेले छोटे गोळे.