डायनॅमिक्सला ‘गतिकी’ का म्हणायचं?

प्रश्न असा आहे: डायनॅमिक्स, म्हणजे बल आणि त्यामुळे होणारी गती यांचं शास्त्र, हा शब्द ग्रीक ‘द्युनामिस’वरून, म्हणजे सामर्थ्यावरून आला. मग मराठीत ‘गतिकी’ कसं? ‘बलशास्त्र’ जास्त बरोबर नाही का?

व्युत्पत्तीच्या बाजूने शंका रास्त आहे. गंमत म्हणजे दालांबेर या फ्रेंच गणितज्ञाने 1743 मध्ये हीच शंका आपल्याच ग्रंथाच्या नावाबद्दल काढली होती. पॅरिसमध्ये ‘त्रेते द दिनामिक’ (डायनॅमिक्सवरचा ग्रंथ) निघाला तेव्हा तो पंचविशीत होता. प्रस्तावनेत तो लिहितो की या शब्दाचा खरा अर्थ शक्तींचं, गतीच्या कारणांचं शास्त्र. माझा ग्रंथ मात्र यामिकीकडे (मेकॅनिक्सकडे) परिणामांचं शास्त्र म्हणून बघतो. तरी एकमेकांवर क्रिया करणाऱ्या वस्तूंच्या गतीचं शास्त्र या अर्थाने हा शब्द विद्वानांत रुळला आहे, म्हणून ठेवतो.

शब्द घडवला जर्मन तत्त्वज्ञ आणि गणितज्ञ लायब्निट्सने, सतराव्या शतकाच्या शेवटी, आणि त्याला त्यात बलच अभिप्रेत होतं. त्याचं ‘जिवंत बल’ म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तचे अनुयायी वस्तुमानाला नुसत्या वेगाने गुणत. अर्धशतक हे भांडण चाललं. दालांबेर म्हणाला, हा शब्दांचा वाद आहे. विरोध कायम ठेवून वेग दुप्पट केला तर वस्तू थांबायला वेळ दुप्पट लागतो, अंतर चौपट. दोन्ही मापं खरी, फक्त मोजायची गोष्ट वेगळी. गतिमान वस्तूत दडलेलं ‘बल’ त्याला धूसर आणि अतिभौतिक वाटे. त्याच्या प्रसिद्ध तत्त्वातही हिशेब गतींचाच आहे: वस्तूंना दिलेल्या गतीतून त्यांनी प्रत्यक्षात घेतलेली गती वजा करा, जी हरवली, ती सगळी मिळून समतोलात असली पाहिजे. त्यामुळे गतीचा प्रश्न स्थितिकीचा, म्हणजे समतोलाच्या शास्त्राचा, होऊन सुटतो. मला हा विचार फार देखणा वाटतो.

म्हणून ‘गतिकी’ हा शब्द मी बिनदिक्कत वापरतो. मूळ धातूशी तो जुळत नसेल, पण शास्त्र जे करतं ते नेमकं सांगतो. एक अडचण खरी आहे. बलाचा विचार न करता केवळ गतीचं वर्णन करणाऱ्या शाखेला फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आंपेअरने 1834 मध्ये वेगळं नाव दिलं, कायनेमॅटिक्स. तिथे ‘शुद्धगतिकी’ म्हणावं लागतं.

घरातल्या माणसांचे ‘डायनॅमिक्स’ म्हणायचं असेल तर ‘ताणेबाणे’ आहेच. आणि लिहिताना ‘गतिकी’च, ‘गतीकी’ नव्हे. ‘गतिमान’सारखा ‘ति’ ऱ्हस्व.